दिसला, सोडला, ठेवला

पेणमध्ये कुणी विचारलं, हल्ली काय करता, तर मी सांगते, "तक्रारपेटीत बसते." लोकांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय. थट्टा करायची सवय आहेच, पण हे उत्तर खरं आहे. मोबाइलवर खेळायचा ‘खाडीकाठ’ नावाचा एक खेळ आहे. तो खेळणारी माणसं जे काही लिहून पाठवतात, म्हणजे तक्रारी, सूचना, शिव्या आणि क्वचित आशीर्वाद, ते सगळं वाचायचं आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं, ही माझी नोकरी. दुसरी नोकरी. पहिली टेलिफोन एक्स्चेंजमधली. तिथून निवृत्त होऊन मी घरी दोन वर्षं पापड लाटले आणि कंटाळून पुन्हा कामाला लागले.

एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि अख्खा पेण तालुका माझ्या आवाजावर चालतो अशी माझी समजूत होती. "नंबर प्लीज" म्हणताना मी मान वाकडी करायचे. फोनवर मान कोणाला दिसते, हा प्रश्न त्या शहाणीला पडला नाही. या दुसऱ्या नोकरीत आले तेव्हा वय साठीच्या पुढचं, पण शिष्टपणा बावीसचाच. तेव्हा यापुढे मी ‘ती नवी बाई’ म्हणेन, ती मीच.

आमचं ऑफिस एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर आहे. शाडूची धूळ जिन्याने वर येते आणि कॉम्प्युटरवर बसते, ती रोज सकाळी पुसायची. खेळ बनवणारी सायली जवळच्या जिते गावची. डोलवीच्या कंपनीत कॉम्प्युटरवर होती, चांगली नोकरी सोडून हा उद्योग काढला. माझ्या नातीच्या वयाची नाही, पण लेकीपेक्षा बरीच लहान. मला आजीच म्हणते. मुलाखतीत तिने विचारलं, "आजी, लोक चिडून बोलले तर चालेल ना?" मी म्हटलं, "बाई, ट्रंक कॉलसाठी दिवसभर ताटकळलेल्या माणसांच्या शिव्या खाऊन मी पेन्शन मिळवलीय."

खेळ कळायला सोपा आहे. त्यात हरणं-जिंकणं नाही. तुमचं एक घर, परसू, होडी आणि खाडीकाठचं गाव. वांगी लावा, शेजारणीशी बोला, गळ टाकून बसा. मुख्य काम म्हणजे जनावरं जमवणं: मासे, खेकडे, बेडूक, चतुर, फुलपाखरं. जनावर हाती आलं की खेळ विचारतो, ठेवायचं की सोडायचं? ‘ठेवा’ दाबलं की ते गावच्या संग्रहालयात जातं, ‘सोडा’ दाबलं की पुन्हा पाण्यात किंवा झाडावर. सगळी जनावरं जमली की गावजेवण होतं आणि संग्रहालयाच्या दारावर तुमच्या नावाची पाटी लागते. खेळातली वेळ बाहेरचीच असते. फोनच्या घड्याळात रात्र, तर खेळातही रात्र.

माझी जाऊ हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे खोटी वांगी लावायची नि खरी आणायला बाजारात जायचं. नि ह्याचा तुला पगार देतात गो?"

गिऱ्हाईकं मात्र खरी. डोंबिवलीच्या एका बाईंनी लिहिलं, की गावातली अमुक शेजारीण काढून टाका, ती हुबेहूब माझ्या नणंदेसारखी बोलते. मी उत्तर दिलं, तिला चार दिवस वांगी नेऊन द्या, गोड बोलायला लागेल. बाईंनी उलट विचारलं, "कोणती, खेळातली की माझी?"

दुसरा एक तरुण, डोलवीला कंत्राटावर. त्याने लिहिलं, "मॅडम, आमची नाइट असते. दिवसा झोपतो. फुलपाखरं दिवसा येतात. नाइटवाल्यांनी काय पाप केलाय?" त्या नव्या बाईला लगेच सुचलं. तिने ऐटीत कळवलं, फोनचं घड्याळ पुढे करा, खेळाला दिवस वाटेल. त्याने केलं. पण फोनचा गजरही त्याच घड्याळावर वाजतो, हे बाईंच्या ध्यानात नव्हतं. त्याचं उत्तर आलं, दोनच वाक्यं: "फुलपाखरू मिळालं. खाडा पडला." तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, खेळाच्या बाहेर हात घालेल असा सल्ला द्यायचा नाही. नियम सायलीने केला, पण तो कोणासाठी आहे ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले ते रोहेकर.

त्यांचा पहिला मजकूर जुन्या वळणाचा होता. "सप्रेम नमस्कार. तुमच्या खेळात एक सुधारणा सुचवितो. माझ्या पडद्यावर बरेच दिवस ‘एक बाकी’ असे दिसते. कोणते एक, हे खेळ सांगत नाही. कोणती जनावरे मिळाली, कोणती राहिली, ती कधी व कुठे सापडतात, याची नोंद खेळातच दिसेल अशी सोय करावी. बिन्यामिन रोहेकर, अश्दोद, इस्राएल."

अशी मागणी आधीही लोकांनी केली होती. त्या नव्या बाईकडे उत्तर तयारच होतं: शोधण्यातच खरी मजा आहे, जमल्यास एखादी वही घालावी. खाली एक फूलही चिकटवलं.

उलट टपाली आलं, "बाई, वही घातली आहे. वहीत धरलेले लिहिले आहे. जे माहीतच नाही, ते वहीत कसे लिहू?"

माझं फूल सुकलं. मी सरळ त्यांचा नंबर मागवला आणि फोन लावला. असा फोन करायची पद्धत नाही, पण एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला लिहीत बसणं जमत नाही.

"रोहेकर बोलताय का? मी पेणहून, खाडीकाठ खेळातर्फे."

"पेणहून? मग जरा सावकाश बोला."

"ऐकायला कमी येतं का?"

"नाय, नाय. पेणचं बोलणं ऐकतोय."

पाठीमागून एक बाईमाणूस मोठ्याने म्हणालं, "कोण हाय रे?"

"पेणची बाई हाय, ताई."

"तिला विचार, पेणचे पोहे अजून तसेच मिलतात का. मलिद्याला इथल्या पोह्यांचा लगदा होतो."

ती फ्लोराताई, त्यांची थोरली बहीण. मलिदा म्हणजे त्यांच्यातला गोड पोह्यांचा नैवेद्य. दोघं रोह्याची. वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आपल्या भागातले बरेच बेने इस्राएल, म्हणजे इकडचे ज्यू, इस्राएलला गेले तसं हेही घर गेलं. बिन्यामिनकाका तेव्हा लहान होते, फ्लोराताई चांगल्या जाणत्या. भाचीने काकांच्या फोनमध्ये हा खेळ घालून दिला, आणि त्यात खाडी, होडी, चिखलातल्या निवट्या पाहून काका त्यातून उठेनात.

"खेळात माझं नाव मी दानियल रोहेकर ठेवलंय," ते म्हणाले. "बाबांचं. सगळी जनावरं जमली की दारावर पाटी लागते ना, ती बाबांच्या नावाची लागेल. आमच्या घराच्या जागेवर तिथं आता दुकानं हायत, नावाची खूण कुठे नाय. ताईला एकदा ते नाव आपल्या अक्षरांत लिहिलेलं वाचायचंय. तिची नजर चाललीय. मोठी अक्षरं अजून दिसतात. किती दिवस दिसतील, डॉक्टर सांगत नाय."

मी फोन ठेवला आणि सायलीपुढे जाऊन उभी राहिले.

सायली काही दगडाची नाही, पण ती ठाम होती. "आजी, रकाना दाखवला की माणूस खाडीकडे बघत नाही, रकान्याकडे बघतो. कोण कधी येतं हे कळलं की संपलं. लोक यादी पुरी करतील आणि जातील." मग म्हणाली, "त्यांची पाटी मी इथून लावून देते. एका मिनिटाचं काम आहे."

मी काकांना तसं कळवलं. ते म्हणाले, "नको. बाबांनी कधी कोणाचं फुकट घेतलं नाय. त्यांच्या नावाची पाटी अशी लावायची?"

तेव्हा सायलीने थोडी माघार घेतली आणि एक पान करून दिलं. मिळालेलं जनावर रंगीत, न मिळालेल्याच्या जागी प्रश्नचिन्ह, बस. प्रयोग म्हणून काही खेळाडूंना पाठवलं, त्यात काकाही होते. त्यांचा शेरा आला, "पूर्वी ‘एक बाकी’ असे होते. आता प्रश्नचिन्ह आहे. प्रगती आहे."

मी हसले, सायली हसली नाही. तिचंही बरोबर होतं. जे जनावर माणसाने कधी पाहिलंच नाही, त्याचं नाव सांगून टाकलं तर खेळात उरतं काय?

मला सुचलं ते जुन्या नोकरीतून. ट्रंक कॉल लागला नाही असं म्हणायला आमच्याकडे एकच शब्द नव्हता. लाइनच मिळाली नाही, हे वेगळं. लाइन मिळाली, पलीकडे घंटा वाजली, पण कोणी उचलला नाही, हे वेगळं. आणि बोलणं झालं, हे तिसरं. घंटा वाजलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही सांगायचो, की घर आहे, फोन चालू आहे, तुम्ही थोड्या वेळाने या. तो निम्मा निश्चिंत होऊन जायचा. मी सायलीला म्हटलं, "तुझ्या पानावर दोनच रकाने आहेत. तिसरा हवा. जनावर समोर आलं होतं, पण ठेवलं नाही. दिसलेलं काही गुपित नसतं ना?"

तिने पडद्यावरचं पान पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "राखाडी." म्हणजे दिसलेलं पण सोडलेलं जनावर राखाडी रंगात दाखवायचं. आणि दिसलेल्यापुढे ते कधी मिळतं तेही लिहायचं. हे तिला पटलं, इतकं की त्या आठवड्यात ती जित्याला उशिराच्या गाडीने जात होती.

‘कधी मिळतं’ हा रकाना भरायचं काम माझ्याकडे आलं. मी मूळची खाडीकाठची. आमच्याकडे भरती घड्याळावर बघत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मी सगळी जनावरं तिथीने लिहून टाकली. पंचमीची ओहोटी, अष्टमीची भरती. इतकं सुबक काम मी जन्मात केलं नव्हतं. पान प्रयोगातल्या खेळाडूंकडे गेलं आणि पेटी भरली. एकाने विचारलं, अष्टमी म्हणजे गोकुळाष्टमी ना, मग हा मासा वर्षातून एकदाच येतो का? रोह्याच्या एका मुलीने विचारलं, अष्टमी आमच्या नदीपलीकडचं गाव आहे, ते खेळात कुठे सापडेल? बंगळूरच्या एका मुलाने नुसतं लिहिलं, "आजी???" माझं वय त्याला कसं कळलं, कोण जाणे.

सायलीने डोकं धरलं. मी बसून सगळ्या तिथी घड्याळात उतरवल्या. एकटे बिन्यामिनकाका तक्रार न करता म्हणाले, "अष्टमी मला लगेच कळली. बाबा असंच मोजायचे."

पण त्यांचा तो फोन तिथीबद्दल नव्हता.

"बाई, शिंगाळा," ते म्हणाले.

"काय शिंगाळा?"

"राहिलाय तो. प्रश्नचिन्ह गेलं, तिथं राखाडी शिंगाळा आलाय. म्हणजे मला दिसला नि मी सोडला. मी म्हटलं, मी? कधी? मग गळ टाकून बसलो. आला शिंगाळा. नि बघतो तर माझ्या अंगठ्याने ‘सोडा’ दाबलेला. मला कळलंसुद्धा नाय."

ते हसत होते. मग सांगितलं. शिंगाळ्याला खवलं नसतात, आणि ज्या माशाला खवलं नाहीत तो त्यांच्यात खात नाहीत. रोह्याला वडील रविवारी मुलांना घेऊन कुंडलिका नदीवर गळ टाकायला बसायचे. शिंगाळा लागला की काटा चुकवून त्याला गळातून काढायचे आणि बोलणं न थांबवता मागे पाण्यात टाकायचे. त्याच्याकडे बघायचेही नाहीत.

"पण खेकडे, कोलंबी तुम्ही ठेवलीत की," मी म्हटलं. "त्यांनाही कुठे खवलं?"

"ती मुद्दाम धरावी लागतात. धरताना मनाला सांगितलं, खायची नाय, बघायची हायत. हा आपसुक गळाला येतो. नि अंगठा बाबांचा होतो."

मग ते म्हणाले, "आता ठेवीन तर बाबांच्या नावाने ठेवीन. पाटीवर दानियल रोहेकर, नि आत शिंगाळा. हे बरं दिसेल का, बाई?"

दुसऱ्यांच्या बोलण्यात बोलायचं नाही, हे एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. बावीसच्या वयात ते मी कधीच पाळलं नाही. लग्नं जमताना, मोडताना मी मध्ये खोकायचे. या वेळी मात्र गप्प बसले.

नंतर बरेच दिवस त्यांच्याकडून काही आलं नाही. सायली रोज जिन्यातूनच विचारायची, "लागली का पाटी?" मी मान हलवायचे. गणपतीचे दिवस जवळ आले होते, खाली ट्रक लागत होते, आणि मला मात्र अश्दोदमधल्या एका म्हातारीच्या डोळ्यांचा घोर लागला होता. नजर काही कोणासाठी थांबत नाही.

मग एका सकाळी चित्रासकट फोन आला. पडद्यावर नाक आणि चष्मा.

"पेणची बाई तूच का? मी फ्लोरा. हा तोंड पाडून बसलाय. काय झालं सांगत नव्हता, काल बोलला. अगो, मी त्याला म्हटलं, ते म्युझियम हाय, ताट नाय. बाबांनी आम्हाला सर्कशीत वाघ दाखवलान, तो काय खायला दाखवलान?"

काका मागून म्हणाले, "ताई, तसं नाय—"

"तू गप. गळ टाक."

सायली माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. काकांनी दुसऱ्या फोनवर गळ टाकला. आम्हाला तो फोन दिसत नव्हता, दोघांचे चेहरेच दिसत होते. बराच वेळ काही नाही. मग काका म्हणाले, "आला." आणि लगेच, "गेला."

"सोडलान परत," फ्लोराताई आम्हाला म्हणाल्या. "बघा, कसा हाय."

"हात ऐकत नाय, ताई."

"मग मी दाबते. आला की बोल. माझा अंगठा कुठं ठेवायचा तेवढं दाखव."

पुन्हा वाट बघणं. या वेळी काका काही बोलले नाहीत. त्यांनी बहिणीचा अंगठा धरला, पडद्यावर नेला आणि आपला हात काढून घेतला. फ्लोराताईंनी दाबलं.

गावजेवणाचा ढोल फोनमधून ऐकू आला. तो ढोल मी शेकडो वेळा ऐकलाय, मला तो कर्कश वाटतो. फ्लोराताईंनी काकांच्या हातातला फोन घेऊन नाकाला लावला.

"दा," त्या म्हणाल्या. "नि. य. ल."

एवढ्यावर थांबल्या. फोन खाली घेतला आणि पुढचं आडनाव न वाचताच म्हणाल्या, "रोहेकर."

सायली पाणी प्यायला म्हणून गेली. मी चष्मा पुसला. शाडूची धूळ फार असते आमच्याकडे.

"झालं," फ्लोराताई म्हणाल्या. "आता सोड त्याला."

"कोणाला?" काका म्हणाले.

"शिंगाळ्याला. पाटी लागली, बघून झालं. बाबांच्या दारात त्याला कोंडून काय करायचंय?"

"ताई, म्युझियममधून सोडता येत नाय."

"का नाय? पेणच्या बाई, लिहून घ्या. आत ठेवलेलं परत सोडायची सोय करावी. माझं नाव घाला."

मी लिहून घेतलं आणि वर ‘तातडीचं’ असं लिहिलं. असला शेरा मारायचा मला अधिकार नाही. सायलीने वाचून विचारलं, "आजी, एवढं झिजून मिळवलेलं परत सोडायचं, असं कोण मागतं? आणि सोडला की पुन्हा ‘एक बाकी’ होणार. सगळी आहेत तोवरच पाटी असते. पाटी उतरेल."

"तुझ्या खेळात उतरते," मी म्हटलं. "तूच लावलेली आहे."

संध्याकाळच्या गाडीच्या वेळी, पिशवी खांद्याला लावून झाल्यावर म्हणाली, "एकदा जमली ती जमली. पाटी राहील. पण ते नीट करायला मला वेळ लागेल."

वेळ लागला. गणपती गेले, नवरात्र गेलं. मधल्या काळात ते नोंदीचं पान सगळ्यांना मिळालं आणि लोकांना आवडलं. सायलीचंही खरं ठरलं. पूर्वी लोक लिहायचे, आज खाडीवर निळा चतुर दिसला, हा कोण? आता लिहितात, माझ्या पानावर तीन राखाडी आहेत, कधी जातील? पहिल्या तऱ्हेची पत्रं मला जास्त आवडत होती. हे मी तिला सांगत नाही, कारण ती म्हणेल, कोण मागत होतं पान?

सोडायची सोय झाली त्या दिवशी काकांचा फोन आला. या वेळी चित्र नव्हतं, आवाजच. फ्लोराताई शेजारीच होत्या.

"सोडतोय हां, ताई," काका म्हणाले.

जरा वेळाने फ्लोराताईंनी विचारलं, "गेला का?"

"गेला."

"नि पाटी?"

"हाय."

"वाच."

काकांनी वाचलं.

"बरं," फ्लोराताई म्हणाल्या. "ठेव आता फोन. जेवण निवतंय."